गुरुजींनी दडवलेलं पत्र

हाळवाडीत शिवलिंग बिराजदार यांना नावानं हाक मारणारं माणूस आता उरलं नव्हतं. सगळ्यांचे ते गुरुजी. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली शेवटची अठ्ठावीस गावातल्याच शाळेवर. बापाला बाराखडी शिकवली आणि पुढं त्याच्या लेकीलाही. रिटायर झाल्यावर घराच्या ओसरीत बसायचे, आणि गावात कुठलाही कागद आला की तो आधी त्या ओसरीत यायचा. बँकेची नोटीस असो, कोर्टाचं समन्स असो, नाहीतर अहमदपूरच्या दवाखान्यातला रिपोर्ट. गुरुजी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसत, कागद एकदा मनात वाचत, मग मोठ्यानं वाचून दाखवत. जे लिहिलंय तेच वाचत. वाईट असलं तरी गिळत नसत. म्हणून तर लोक म्हणायचे, गुरुजींनी वाचलं म्हंजे झालं.

राजकारणात त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. निवडणुका आल्या की पुढारी ओसरीला येऊन चहा पिऊन जात. गुरुजी सगळ्यांना सारखंच बसवत आणि सारखाच निरोप देत.

पण चंद्रभानजींच्या बाबतीत मात्र ते घसरले. चंद्रभानजी म्हणजे दिल्लीच्या सरकारातले बडे नेते, देशभर त्यांच्या सभा चालायच्या. गुरुजी दुपारी टीव्हीसमोर बसून त्यांची भाषणं ऐकत. हा माणूस सावकाश बोलायचा, एकेक गोष्ट दोनदा सांगायचा, जसं गुरुजी चौथीच्या वर्गाला सांगायचे. आयुष्यभर साहेब लोकांपुढं टोपी काढून उभं राहिलेल्या त्या मास्तराला वाटलं, हा खरा माणूस आहे.

निवडणुकीच्या तोंडावर चंद्रभानजींची अहमदपूरला सभा झाली. गावातून दोन ट्रक भरून गेले. जाताना गुरुजींनी वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं होतं, 'हाळवाडीच्या नदीवर पूल नाही. पावसाळ्यात मुलं शाळेला मुकतात.' हाळवाडीची शाळा सातवीपर्यंतच. आठवीपासून पोरांना नदीपलीकडं जावं लागायचं, आणि पाणी आलं की महिना-महिना वाट बंद. गुरुजींनी ती चिठ्ठी एका कार्यकर्त्याच्या हातात दिली, ती हातोहात स्टेजवर गेली, आणि भाषण अर्ध्यावर असताना चंद्रभानजींनी ती उघडून वाचली. हाळवाडी हे नाव त्यांनी जरा वाकडंच उच्चारलं. पुढं म्हणाले, पूल होगा, मैंने अपने हाथ से लिख लिया है.

आपल्या गावाचं नाव एवढ्या मोठ्या तोंडून, एवढ्या हजार माणसांत! ट्रकमध्ये परतताना पोरांनी गुरुजींना गुलालानं माखलं. गावातला शेतकरी हनमंत पवार ट्रकच्या टपावर झेंडा धरून उभा होता, घसा बसेपर्यंत ओरडत होता. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, आजवर मी कुणाला मत द्या म्हणून सांगितलं नाही, आज सांगतो. बोटावर मोजण्याइतकी घरं सोडली तर सगळं गाव त्यांच्या शब्दावर गेलं.

दीड वर्ष गेलं. पूल काही हालेना. गुरुजी दर दोन महिन्यांनी दिल्लीला अर्ज धाडत. आणि मग एका जानेवारीत, वीस तारखेला, पोस्टमननं लांब पाकीट आणून दिलं. त्यावर सिंहाची मुद्रा होती. आतलं पत्र चारच ओळींचं होतं. हाळवाडीचा पूल निकषात बसत नसल्यामुळे प्रस्ताव नामंजूर करण्यात आला आहे, सबब याबाबत पुढील पत्रव्यवहार करू नये.

गुरुजींनी ते मनात वाचलं. पुन्हा वाचलं. समोर पाराकडं निघालेला किशन थबकला होता. म्हातारा किशन म्हणजे नदीकाठचा शेतकरी, पुलासाठी आपल्या रानाचा तुकडा सोडायला आधीच तयार झालेला. त्यानं विचारलं, काय आलंय दिल्लीचं?

"काम चालू आहे म्हणून कळवलंय," गुरुजी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कागदावर नसलेलं वाचलं. का वाचलं, हे त्यांना स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. गुलाल आठवला असेल, पारावर दिलेला शब्द आठवला असेल. आपण आणखी एक पत्र लिहू, चूक दुरुस्त होईल, मग सांगू, असं त्यांनी मनाला समजावलं आणि पाकीट लोखंडी पेटीत शाळेच्या जुन्या हजेरीपटांखाली सारून दिलं.

बायको शरणम्मा चुलीपुढून बघत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण नवऱ्याचं तोंड वाचता येत होतं.

सहा दिवसांनी सव्वीस जानेवारीची ग्रामसभा भरली. जिल्हा परिषदेचा सदस्य आला होता. तो म्हणाला, मोठ्या पुलाचं मला माहीत नाही, पण माझ्याकडं एक नळकांडी पूल हाय. सिमेंटचे पाइप टाकून ठेंगणा करू. महापुरात बुडंल, पण एरवीची ये-जा चालंल. मार्चच्या आत ठराव द्या, नाहीतर तो दुसऱ्या गावाला जाईल. लोक गुरुजींकडं बघायला लागले. हनमंतनं सरळच विचारलं, गुरुजी, काय करावं?

आता बोलायला हवं होतं. पेटी घरात होती, घर पन्नास पावलांवर होतं. गुरुजी उठले आणि म्हणाले, लहान पूल घेतला की वरचे म्हणतील, यांचं भागलं. मग मोठा येणार नाही. थोडा धीर धरा.

गावानं हात वर केले. नळकांडी पूल तीन कोसांवरच्या दुसऱ्या गावाला गेला.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये पोरी शाळेतून परतत होत्या. पाणी मांडीइतकंच होतं, हाताला हात धरून उतरल्या. मधल्या धारेत रुक्मिणबाईच्या नातीचा, राजकन्येचा, पाय सुटला. किशन काठावर गवत कापत होता, त्यानं उडी घेतली आणि पार खालच्या वळणावर तिला वेणीला धरून ओढून काढलं. पोर जगली. पण आठ दिवसांत गावातल्या पाचही पोरींचं पलीकडं जाणं बंद झालं. पोरगे मात्र लांबच्या वाटेनं फेऱ्या घालत जात राहिले.

त्या पाचांत हनमंतची साक्षी होती. आठवीत होती. गुरुजींच्या सबंध नोकरीत गणिताला असं डोकं दोन-तीनच निघालं असेल. तोंडी हिशेब फळ्यावर लिहून व्हायच्या आत उत्तर द्यायची आणि गुरुजींनाच म्हणायची, दुसरं अवघड घाला. आता ती आई अयोध्याबरोबर सोयाबीन खुरपायला जायची. ओसरीपुढून जाताना मान खाली घालून जायची. गुरुजीही त्या वेळी काहीतरी शोधल्यासारखे आत वळायचे.

पुढच्या दीड वर्षात चंद्रभानजींचं नाव देशभर उतरत गेलं. नोकरभरतीची परीक्षा एकदा रद्द झाली, पुन्हा घेतली, पुन्हा रद्द झाली. चाकूरच्या अभ्यासिकेत बसून राहिलेली गावातली तीन पोरं वय संपवून घरी आली. महागाईनं लोक रडकुंडीला आले. आणि टीव्हीवर चंद्रभानजी तसेच सावकाश, तेच दोनदा सांगत, धीर धरो, धीर धरो. पारावर कुणी मोबाइलवर त्यांचं भाषण लावलं की दुसरा म्हणायचा, बंद कर रे, त्याचा धीर ऐकला की भूक लागल्यावाणी होतंय. हनमंतनं दारावरचं त्यांचं चित्र नखानं खरवडून काढलं. अर्धं निघालं, अर्धं तसंच राहिलं, त्यात एक कान आणि हसणाऱ्या तोंडाची एक कड.

गुरुजींना मात्र कुणी शब्दानं बोललं नाही. उलट जो तो म्हणायचा, गुरुजींचा काय दोष? आमच्यावाणी त्यांनाबी फसवलं. शिवी दिली असती तर गुरुजींनी सोसली असती. ही दया सोसत नव्हती.

निवडणूक पुन्हा वर्षावर आली तेव्हा फेब्रुवारीत चंद्रभानजींची सभा बिलोलीला ठरली. हाळवाडीनं ठरवलं, काळे झेंडे दाखवायचे. दोन टेम्पो सांगितले. हनमंत ओसरीला आला आणि म्हणाला, गुरुजी, तुम्ही फक्त संग चला. तुमच्या चिठ्ठीचं नाव घिऊन इचारू, कुठं हाय पूल?

गुरुजी हो म्हणाले. नाही म्हणायला तोंड कुठं होतं? हनमंत गेल्यावर शरणम्मा आतून आली.

"जायचं तर सांगून जावा," ती म्हणाली. "न्हाईतर जाऊ नका. त्या पाकिटाच्या दिवसापासून तुम्ही मान वर करून जेवला न्हाई. मला काय दिसत न्हाई व्हय?"

गुरुजींनी टोपी घातली आणि ते टेम्पोत जाऊन बसले.

मैदानावर पोलिसांनी तपासणी लावली होती. काळी छत्री, काळा रुमाल, काळी ओढणी, सगळं काढून घेत होते. एका पोराचे काळे मोजेसुद्धा उतरवले. तरी हनमंतच्या लोकांनी शर्टाच्या आत पोटाला गुंडाळून कापड नेलंच. मांडव मोठा होता पण मागच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या. आणलेली माणसं जेवणाची पाकिटं घेऊन भाषणाआधीच निघाली होती. चंद्रभानजी थकल्यासारखे दिसत होते, आवाज मात्र तोच.

भाषणाच्या मध्यावर त्यांच्या हातात एक चिठ्ठी आली. त्यांनी ती उघडली, एका गावाचं नाव घेतलं. तळेवाडी. वाकडंच उच्चारलं. तळेवाडीला दवाखाना नाही, बायाबापड्यांचे हाल होतात. मग म्हणाले, दवाखाना होगा, मैंने अपने हाथ से लिख लिया है.

पुढच्या रांगांत एक साठीची बाई उठून उभी राहिली. तिनं दोन्ही हात जोडले होते, भोवतालच्या बाया तिच्या खांद्याला, हाताला हात लावत होत्या, जणू तिला देवीच पावली होती. तिचे डोळे गुरुजींना दिसत नव्हते, पण दिसायची गरज नव्हती. ते डोळे त्यांनी आतून पाहिलेले होते.

तेवढ्यात हनमंतनं कापड काढलं. पूल कुठंय, पूल कुठंय, असा गलका झाला, पोलीस धावले आणि धरून-ढकलून सगळ्यांना बाहेर घेऊन गेले. म्हातारा म्हणून गुरुजींना कुणी धरलं नाही. ते तिथंच खुर्चीत बसून राहिले आणि सभा सुटल्यावर गर्दीतून वाट काढत त्या बाईकडं गेले. तिचं नाव उमाबाई. तीस वर्षं अंगणवाडी चालवून आता घरी बसलेली. चिठ्ठी तिनंच लिहिली होती.

गुरुजींनी नमस्कार केला आणि म्हणाले, "ताई, चार वर्षांमागं माझीपण चिठ्ठी अशीच वाचली होती. हेच शब्द होते. काही होत नाही. आरोग्याच्या लोकांनी नुसती एक नर्स, एक खोली जरी देऊ केली, तर ती सोडू नका."

उमाबाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "तुमच्या गावानं पाठपुरावा केला नसंल," ती शांतपणे म्हणाली. "आम्ही सोडणार न्हाई." आणि ती बायांबरोबर निघून गेली.

असंच उत्तर गुरुजींनी पारावर शंका काढणाऱ्या कितीतरी जणांना दिलं होतं. ते मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले. आपण तिला पटवू शकलो नाही याचं त्यांना फार वाटलं नाही. वाटलं ते हे, की आपण परक्या बाईपाशी खरं बोललो आणि तेही अर्धंच. पत्राचं नाव तिच्यापुढंही काढलं नाही.

हनमंत आणि बाकीच्यांना पोलिसांनी दिवस मावळायला सोडलं. टेम्पोत पोरं खुशीत होती, झेंड्याचा व्हिडिओ सगळीकडं फिरत होता. हनमंत म्हणाला, गुरुजी, आज तुमच्यामुळं लाज राहिली. गुरुजी बाहेरच्या ज्वारीकडं बघत राहिले.

सकाळी त्यांनी पेटी उघडली. हजेरीपटांखालून पाकीट काढलं आणि थेट हनमंतच्या घरी गेले. हनमंत अंगणात बैलांना वैरण टाकत होता, अयोध्या भाकरी थापत होती. साक्षीनं घोंगडी टाकली. गुरुजी बसले नाहीत. त्यांनी पाकीट तिच्या हातात दिलं आणि वाच म्हणाले, मोठ्यानं वाच, वरपासून.

तिनं वाचलं. आवाज लहानपणी धडा वाचायची तसाच स्वच्छ होता. नामंजूर या शब्दावर ती अडखळली, पण थांबली नाही. सगळं वाचून झाल्यावर तिनं कागद उलटून पाकीट बघितलं आणि पोस्टाचा शिक्का निरखला.

"दादा," ती बापाला म्हणाली, "हे दोन वर्षांमागचं हाय. वीस जानेवारी."

हनमंत वैरणीचा पेंढा तसाच हातात धरून उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. तो तारखा जुळवत होता.

"सव्वीसला सभा होती," शेवटी तो म्हणाला. "मी तुम्हाला इचारलं होतं, गुरुजी. समद्यांच्या म्होरं इचारलं होतं."

"हो," गुरुजी म्हणाले. "मला माहीत होतं."

अयोध्यानं तवा खाली उतरवला. गुरुजींनी मनाशी ठरवून आणलं होतं की माफी मागायची, पण तो शब्द तिथं इतका लहान वाटायला लागला की तो तोंडातच राहिला. मग साक्षी बोलली. रागानं नाही, हिशेबाची पायरी सांगावी तसं.

"शाळा बंद झाली तवा मामीनं मला आमदपूरला बोलावलं होतं शिकायला. आई पाठवत होती. तुम्हीच म्हणाला, पोरगी लांब कशाला, दिवाळीनंतर पूल होतोय, वर्षभर थांबा." तिनं कागदाची घडी घातली. "तवा तर तुम्हाला ठाव होतं."

गुरुजींना ते आठवत होतं. त्यांनी ते ओसरीत बसून, सहज, चहा पिता पिता सांगितलं होतं. हनमंतनं पेंढा खाली टाकला, लेकीच्या हातातून पत्र घेतलं आणि गुरुजींच्या हातात ठेवलं. म्हणाला, जावा आता. एवढंच म्हणाला.

एक मेच्या ग्रामसभेत गुरुजींनी ते पत्र साऱ्या गावापुढं वाचलं, तारखेसकट. स्वतः का गप्प राहिलो, तेही सांगितलं, सबब न देता. गावाचा राग मग उफाळला. रुक्मिणबाई, राजकन्येची आजी, उठून म्हणाली, माझी नात वाहून चालली होती त्या दिवशी तुम्ही ओसरीत बसून व्हता. आजवर कुणी त्यांच्याशी या आवाजात बोललं नव्हतं. गुरुजी उभेच राहिले. किशन एकटा सभा संपायच्या आधी उठून गेला.

कुणीतरी त्यांचा व्हिडिओ केला होता. तो लातूरपर्यंत पोचला, आणि चंद्रभानजींच्या विरोधातले लोक गाडी घेऊन आले. आमच्या स्टेजवर या, म्हणाले, हेच पत्र वाचून दाखवा, देशाला कळू द्या यांनी काय केलं. गुरुजींनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. चंद्रभानजींनी शब्द मोडला हे सगळ्यांना माहीतच आहे, ते म्हणाले, माझा शब्द मी मोडला, तो तुमच्या कामाचा नाही. गाडी परत गेली.

नळकांडी पुलाचा ठराव गावानं पुन्हा केला. यादीत तो आता तळाला गेला आहे. दर मंगळवारी गुरुजी एसटीनं लातूरला जातात, बांधकामाच्या कार्यालयात बाकावर बसतात, टेबलावरचा माणूस मान हलवतो, मग परत येतात. गावात कुणी त्यांना जा म्हटलेलं नाही, आणि कुणी काय झालं म्हणून विचारतही नाही. ओसरीत आता कागद येत नाहीत. लोक फाट्यावरच्या रविकिरणच्या दुकानात जातात. तो मोबाइलवर बघून सांगतो, कधी चुकतोही. तरी तिथंच जातात.

साक्षीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवायचं हनमंतनं ठरवलं. गुरुजींनी शरणम्माच्या हाती निरोप धाडला, गणित आणि इंग्रजी मी रोज घेतो, घरी येऊन घेतो. हनमंतनं ऐकून घेतलं आणि नको म्हणाला. ती मामीकडं राहील, तिथं क्लास लावू.

जूनच्या सुरुवातीला ती निघाली. नदी कोरडी होती. हनमंतच्या खांद्यावर पत्र्याची ट्रंक होती, अयोध्या पिशवी घेऊन मागं होती. गुरुजींचं घर वाटेवरच. शरणम्मा बाहेर येऊन उभी राहिली, तिनं पोरीच्या हातात शेंगदाण्याचे लाडू दिले, गालावरून हात फिरवला. गुरुजी ओसरीत खांबाशेजारी उभे होते. हनमंत सरळ पुढं बघत निघून गेला. साक्षी शरणम्माच्या पाया पडली, सरळ झाली आणि एकदा ओसरीकडं बघितलं. काही बोलेल असं क्षणभर वाटलं. मग बापानं हाक मारली आणि ती गेली.

नदीच्या वाळूतून तिघं पलीकडच्या काठाला चढून दिसेनासे झाले तरी गुरुजी तिथंच होते. शरणम्मानं विचारलं, हाक का मारली न्हाई? ते म्हणाले, काय म्हणून मारू? आणि मंगळवार असल्यामुळं त्यांनी टोपी घातली, कागदांची पिशवी घेतली आणि ते लातूरच्या गाडीला निघाले, त्या तिघांना वाटेत गाठायला नको म्हणून मुद्दाम सावकाश.